'लेखक' म्हणजे नेमका कोण? मार्व्हलची कामाची पद्धत आणि श्रेयाचा वाद

'स्पायडर-मॅन कोणाचा?' असे वर्गात विचारले, की मागच्या बाकापर्यंत एकच उत्तर येते: स्टॅन ली. ते स्वाभाविकही आहे. मार्व्हलच्या कितीतरी चित्रपटांत हे मिशीवाले, हसतमुख गृहस्थ क्षणभर दिसायचे आणि चित्रपटगृहात टाळ्या पडायच्या. स्टीव्ह डिटको हे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना असते तेही 'चित्रे त्यांनी काढली एवढेच' असे सांगून थांबतात. प्रस्तुत टिपणात आपण त्या 'एवढेच'चा विचार करणार आहोत.

माझे म्हणणे आधीच सांगतो. १९६०च्या दशकात मार्व्हलच्या अंकांवर 'लेखक' आणि 'चित्रकार' असे जे दोन शब्द छापले गेले, त्यांवरून प्रत्यक्ष कामाची वाटणी कळत नाही. गोष्ट रचण्याचे बरेचसे काम चित्रकाराच्या टेबलावर झाले आणि त्याची किंमत व कीर्ती 'लेखक' या शब्दाच्या खात्यात जमा झाली. याचा अर्थ ली यांनी काहीच केले नाही असा नाही. तसे म्हणणारेही पुष्कळ आहेत आणि मला ते तितकेच चुकीचे वाटतात.

काम कसे चालत असे

कॉमिक्स तयार करण्याची रूढ पद्धत अशी: लेखक संपूर्ण संहिता लिहितो. कोणत्या पानावर किती चौकटी, प्रत्येक चौकटीत काय दिसते, कोण काय बोलते, हे सारे तीत असते. चित्रकार त्या संहितेवरून चित्रे काढतो. या पद्धतीत 'लेखक' आणि 'चित्रकार' हे शब्द बऱ्यापैकी नेमके ठरतात.

मार्व्हलमध्ये १९६१ नंतर वेगळे घडले. प्रकाशक होते मार्टिन गुडमन. ली हे त्यांचे संपादक, आणि बहुतेक मालिकांचे लेखकही तेच. इतक्या मालिकांच्या पूर्ण संहिता एका माणसाने लिहिणे शक्य नव्हते. चित्रकारांना पानामागे पैसे मिळत, त्यामुळे संहितेची वाट पाहत बसणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यातून एक तोड निघाली. ली आणि चित्रकार कथेबद्दल बोलत. कधी ली एक-दोन पानांचा सारांश देत, कधी नुसतीच चर्चा होई. मग चित्रकार घरी जाऊन संपूर्ण अंक पेन्सिलीने रेखाटून आणी. गोष्ट कोठे सुरू करायची, कोणत्या प्रसंगाला किती पाने द्यायची, मारामारी कोठे थांबवायची, कोणाच्या चेहऱ्यावर रेंगाळायचे, हे सगळे त्याने ठरवलेले असे. ती पाने समोर ठेवून ली संवाद आणि निवेदन लिहीत. त्यानंतर अक्षरलेखन, शाईकाम आणि रंग. यालाच पुढे 'मार्व्हल पद्धत' हे नाव पडले.

म्हणजे कथानकाची उभारणी चित्रकार करीत होता, पण लेखनाचे मानधन संवाद लिहिणाऱ्याला मिळत होते आणि चित्रकाराला चित्रांचे. मधले काम कोणाच्याच बिलात नव्हते. वॉली वुड हे नावाजलेले चित्रकार १९६५च्या सुमारास 'डेअरडेव्हिल' काढत होते. कथानक मी रचतो तर त्याचे पैसे मला का नाहीत, ही त्यांची तक्रार होती आणि थोड्याच अंकांनंतर ते मार्व्हल सोडून गेले.

येथे ली यांच्या बाजूचीही एक गोष्ट नोंदवायला हवी. त्या काळी अमेरिकेतल्या पुष्कळ कॉमिक्सवर कोणाचेच नाव नसे. ली यांनी पहिल्या पानावर श्रेयाची चौकट नियमाने छापायला सुरुवात केली. तीत लेखक, चित्रकार, शाई भरणारा, इतकेच नव्हे तर आर्टी सीमेक आणि सॅम रोझेन यांच्यासारखे अक्षरलेखकही असत, आणि तेही थट्टामस्करीच्या सुरात. वाचक ही नावे पाठ करू लागले. रंग ठरवणारे स्टॅन गोल्डबर्ग मात्र त्या चौकटीत नसत. हल्क पहिल्या अंकात करडा होता आणि दुसऱ्या अंकापासून हिरवा झाला, कारण छपाईत करडा रंग एकसारखा येईना. आज हल्क म्हटले की आधी हिरवा रंग आठवतो. तरी रंगांचे काम करणाऱ्याचे नाव विचारले तर कॉमिक्सचे जाणकारही क्षणभर थांबतात. ज्या चौकटीने माणसांना नावे दिली, तिनेच चुकीची विशेषणेही कायम केली.

पुरावा कोठे शोधायचा

कोणी काय केले याच्या आठवणी भरपूर आहेत, पण त्या एकमेकींशी जुळत नाहीत. ली स्वतःच्या विसराळूपणाबद्दल स्वतःच विनोद करीत. जॅक कर्बी यांनी १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ मुलाखतीत जवळजवळ सर्वच निर्मितीवर दावा सांगितला, स्पायडर-मॅनवरसुद्धा. तो दावा टिकणारा नाही. अन्याय झालेल्या माणसाची स्मृती अन्याय न झालेल्या माणसाच्या स्मृतीपेक्षा जास्त विश्वासार्ह असते असे मानायचे कारण नाही. म्हणून पाने पाहावीत.

पहिले उदाहरण 'फँटॅस्टिक फोर'च्या १९६६मधील ४८ ते ५० या अंकांचे. ग्रह गिळणारा गॅलॅक्टस पृथ्वीवर येतो अशी ती कथा. कर्बी यांनी पाने आणून दिली तेव्हा त्यांत लाटेवर चालवायच्या फळीवर उभा राहून अवकाशातून येणारा एक चंदेरी माणूस होता. त्याच्याबद्दल आधी काही ठरलेले नव्हते. हा कोण, असे ली यांनी विचारले. एवढ्या मोठ्या शक्तीच्या पुढे वर्दी देणारा दूत नको का, असे कर्बी यांचे उत्तर होते. हा प्रसंग ली यांनीच अनेकदा सांगितला आहे, त्यामुळे त्याबद्दल वाद नाही. तो चंदेरी माणूस म्हणजे सिल्व्हर सर्फर. त्याच्या तोंडी ली यांनी खिन्न, तात्त्विक, प्रवचनाच्या जवळ जाणारी भाषा घातली आणि ती त्याला शोभली. आकृती, जागा आणि कथेतले काम कर्बी यांचे, आवाज ली यांचा. पण १९६८मध्ये सर्फरची स्वतंत्र मालिका निघाली तेव्हा ती ली यांनी लिहिली आणि चित्रांसाठी जॉन बुसेमा यांना घेतले. ज्याने ते पात्र कोऱ्या कागदावर आणले, तो त्याच्या पूर्वकथेच्या बाहेर राहिला. 'चित्रकार' बदलता येतो असे एकदा मान्य केले की असेच होणार.

कर्बी यांच्या मूळ पानांपैकी जी उपलब्ध आहेत, त्यांतील अनेकांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या टिपा आहेत. या चौकटीत काय चालले आहे, हा काय म्हणतो आहे, असे ते ली यांच्यासाठी लिहून ठेवत. छापील संवादांशी त्या ताडून पाहिल्या की काही ठिकाणी ली यांनी तोच आशय सफाईने मांडलेला दिसतो आणि काही ठिकाणी चित्र तेच ठेवून प्रसंगाचा अर्थच बदललेला दिसतो. माझ्या मते या वादातला सर्वांत प्रामाणिक साक्षीदार हा समास आहे.

दुसरे उदाहरण मला जास्त मोलाचे वाटते: 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा ३३वा अंक, १९६६. तोपर्यंत ली आणि डिटको यांच्यात बोलणेही उरले नव्हते. कथानक डिटको रचत आणि पूर्ण झालेली पाने कार्यालयात पोचवत. १९६५पासून कथानकाचे श्रेय त्यांच्या नावावर छापलेही जाऊ लागले होते. अंकाच्या सुरुवातीला स्पायडर-मॅन एका अवाढव्य यंत्राखाली अडकलेला आहे. मे काकूचा जीव वाचवणारे औषध हाताच्या अंतरापलीकडे पडले आहे. छतातून पाणी गळते आहे आणि त्याची धार वाढते आहे. पहिली पाच पाने एवढेच घडते: एक माणूस ओझे उचलतो. कोणत्याही संपादकाने हा प्रसंग दोन चौकटींत उरकायला सांगितला असता. डिटको घाई करत नाहीत. खचलेले खांदे, वाकलेली मान, पुन्हा प्रयत्न. तो जसजसा उठत जातो तसतशा चौकटी मोठ्या होत जातात आणि पाचव्या पानावर चौकटी संपतात. संपूर्ण पान एकच चित्र होते आणि यंत्र बाजूला फेकले जाते. त्याला चौकटीबाहेर यायला जागा हवी होती, ती पानाने दिली.

हा निर्णय 'चित्राचा' की 'लेखनाचा'? कादंबरीत असे घडले असते, म्हणजे वाक्ये लांबत गेली असती आणि शेवटी एक अख्खे प्रकरण एका कृतीला दिले असते, तर आपण त्याला बेधडक लेखन म्हटले असते. कॉमिक्समध्ये वेळ ही जागेने मोजली जाते, म्हणून जागेची वाटणी करणारा हा कथनकारच असतो. त्याच पानांवर ली यांचे स्वगत आहे: बेन काकांबद्दलचा अपराधभाव, काकूला पुन्हा गमावायचे नाही हा निर्धार. ते काढून टाकले तर प्रसंग समजतो, पण त्याचा पीटर पार्करशी असलेला धागा सैल होतो. ली यांचा वाटा मला येथे स्पष्ट दिसतो. तो दुय्यम आहे असे मी म्हणणार नाही, पण तो नंतरचा आहे. ही पाने हाती आली तेव्हा सोसायचे किती आणि उठायचे कधी, हे ठरून गेलेले होते.

याची उलटतपासणीही करता येते. मार्व्हल सोडल्यावर कर्बी यांनी डीसीसाठी 'न्यू गॉड्स' आणि तिच्या जोडीच्या मालिका स्वतः लिहिल्या आणि काढल्या. कल्पनेची झेप थक्क करणारी, पण माणसे घोषणा दिल्यासारखी बोलतात. डिटको यांच्या 'मिस्टर ए'मध्ये कथेपेक्षा उपदेश जास्त आहे. दुसरीकडे, कर्बी आणि डिटको गेल्यानंतर ली यांनी त्या तोलाची नवी पात्रे फारशी दिली नाहीत. दोन्ही बाजूंच्या भक्तांना यातला अर्धाच भाग आठवतो.

कल्पना ज्याची, त्याचीच निर्मिती?

ली यांची भूमिका काय होती ते नीट पाहू. डिटको सहनिर्माते आहेत असे आपण मानतो, अशा आशयाचे जाहीर पत्र त्यांनी १९९९मध्ये लिहिले. डिटको यांनी 'मानतो' या क्रियापदालाच हरकत घेतली: मानणे वेगळे, असणे वेगळे. मला ही हरकत हट्टी वाटते आणि बरोबरही. पुढे २००७मध्ये एका माहितीपटात ली यांनी मन मोकळे केले. ज्याला प्रथम कल्पना सुचते तोच निर्माता, ती चित्रात उतरवायला कोणालाही देता येते, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल, कारण तो पेटंटचा आहे. पेटंटमध्ये शोध ज्याच्या डोक्यात साकारला तो संशोधक. त्याच्या सांगण्यावरून नमुना बनवणारा कारागीर संशोधक ठरत नाही. पण स्वामित्वहक्काचा कायदा याच्या नेमका उलट उभा आहे. तेथे कल्पनेवर कोणाचाच हक्क नसतो, हक्क अभिव्यक्तीवर असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हेच तत्त्व स्पष्ट केले. नाटकावरून चित्रपट चोरल्याचा तो आरोप होता, आणि विषय सारखा असणे पुरेसे नाही, असे न्यायालय म्हणाले. ली पेटंटची फूटपट्टी घेऊन कलेचे माप काढत होते.

त्यांच्याच घरातले उदाहरण त्यांच्या विरुद्ध जाते. स्पायडर-मॅनचे काम ली यांनी आधी कर्बी यांना दिले होते. कर्बी यांनी काही पाने काढली, ली यांना ती पसंत पडली नाहीत, आणि काम डिटको यांच्याकडे गेले. डिटको यांच्या आठवणीनुसार कर्बींच्या त्या गोष्टीत मुलगा जादूच्या अंगठीने प्रौढ नायक होत असे. नाव तेच आणि कल्पना सांगणारा माणूस तोच असूनही हाती आलेली वस्तू वेगळी होती. डिटको यांनी संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा, मनगटावरची जाळे सोडणारी यंत्रे आणि कोळ्यासारखी वाकडीतिकडी शरीरभाषा दिली आणि १९६२च्या 'अमेझिंग फँटसी' अंक १५मध्ये आज आपण ओळखतो तो स्पायडर-मॅन आला. चित्रे 'कोणीही' काढली असती तर कर्बींची पाने नाकारावी का लागली?

लेखक हरतो तेव्हा

एवढे वाचून कोणी म्हणेल की लेखक नेहमी चित्रकाराला लुबाडतो. बॅटमॅनची हकीकत याच्या उलट आहे. १९३९मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' अंक २७मध्ये बॅटमॅन आला तो बॉब केन या चित्रकाराच्या नावाने. केन यांच्या मूळ रेखाटनात लाल पोशाख, डोळ्यांपुरता मुखवटा आणि ताठ पंख होते. टोपीसारखा मुखवटा, पंखांऐवजी अंगरखा, करडा रंग, ब्रूस वेन हे नाव, या सूचना लेखक बिल फिंगर यांच्या. पहिली कथाही त्यांचीच. पण प्रकाशकाशी करार केन यांनी केला आणि पुढची कित्येक दशके एकट्या केन यांचे नाव छापले गेले, इतर चित्रकारांनी त्यांच्यासाठी काढलेल्या पानांवरसुद्धा. फिंगर १९७४मध्ये वारले. त्यांचे नाव निर्मितीच्या श्रेयात अधिकृतपणे आले ते २०१५मध्ये, तेही 'बॉब केन, बिल फिंगर यांच्यासह' अशा शब्दयोजनेत.

त्याआधीचे सुपरमॅनचे प्रकरण तर आणखी रोकडे आहे. लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर या दोघांनी मिळून १९३८मध्ये १३० डॉलरना हक्क विकले. त्यांचे श्रेय आणि वार्षिक मानधन परत मिळायला १९७५ उजाडले. तेव्हा खरी दुफळी लेखणी आणि कुंचला यांच्यात नाही. करारावर सही कोणाची, प्रकाशकाच्या शेजारच्या खोलीत कोण बसतो आणि मुलाखत कोणाची घेतली जाते, यावर बरेच काही ठरते. ली संपादक होते आणि गुडमन यांच्या पत्नीचे नातेवाईकही, पण मालक नव्हते. चित्रपटांच्या नफ्यासाठी त्यांनाही मार्व्हलवर दावा लावावा लागला आणि २००५मध्ये तडजोड झाली.

न्यायालयाने काय ठरवले नाही

कर्बी १९९४मध्ये वारले. १९८७मध्ये, बऱ्याच वर्षांच्या भांडणानंतर, स्वतःच काढलेल्या मूळ पानांपैकी जेमतेम दोनेक हजार त्यांना परत मिळाली होती. २००९मध्ये त्यांच्या मुलांनी हक्क परत मागणाऱ्या नोटिसा दिल्या. २०११मध्ये कनिष्ठ आणि २०१३मध्ये अपील न्यायालयाने मार्व्हलच्या बाजूने निकाल दिला. विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात. ही पात्रे कर्बी यांनी निर्माण केली नाहीत असे न्यायालयाने म्हटलेले नाही. प्रश्न एवढाच होता की काम कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या खर्चाने झाले. जुन्या अमेरिकी कायद्यात त्याचे उत्तर 'प्रकाशकाच्या' असे आले की कायद्याच्या दृष्टीने प्रकाशकच 'कर्ता' ठरतो. कंपनी नुसती मालक होत नाही, ती लेखक होते! प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना २०१४मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर कर्बी यांचे नाव ली यांच्या शेजारी ठळकपणे दिसू लागले.

आपला १९५७चा कायदा येथे वेगळा आहे. कलम १७नुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. पण कर्ता माणूसच राहतो. कलम ५७नुसार हक्क विकल्यावरही 'हे माझे काम आहे' असे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे उरतो. मात्र कलम २मधली संयुक्त कर्तृत्वाची व्याख्या सांगते की दोघांचा वाटा एकमेकांपासून वेगळा काढता येत नसेल तरच ते काम संयुक्त. आता ३३व्या अंकाचे पाचवे पान डोळ्यांसमोर आणा. शब्द आणि चित्र कात्रीने वेगळे करता येतात. प्रसंग येतो का?

(जाता जाता: अंतिम वर्षाच्या प्रकल्प-अहवालावर चार नावे असतात. तोंडी परीक्षेत मी प्रथम विचारतो की सर्किट तीनदा जळाले तेव्हा प्रयोगशाळेत कोण होते. उत्तर बहुतेक वेळा नावांच्या क्रमाने येत नाही.)

पुढच्या तासासाठी काम: 'अमेझिंग स्पायडर-मॅन' ३३ची पहिली पाच पाने मिळवा, पुनर्मुद्रित संग्रहांत ती आहेत. संवादांचे फुगे आणि निवेदनाच्या चौकटी कागदाच्या पट्ट्यांनी झाका आणि काय घडते ते आपल्या भाषेत लिहा. मग पट्ट्या काढा आणि आपल्या लिखाणात नसलेले काय मिळाले ते वेगळ्या शाईने त्याच कागदावर लिहा. दोन्ही शाया सोबत आणा.